बंदर नसलेला दिवस

सहलीहून परत आल्यावर शाळेतल्या एका सहकाऱ्याने मला विचारले, “दिवसभर समुद्रात केलंत तरी काय हो?” मी म्हणालो, “काही नाही.” त्याने हेवा वाटल्यासारखा चेहरा केला आणि तो आपल्या तासावर निघून गेला. उत्तर खोटे नव्हते. तरी ते मला दिवसभर टोचत राहिले. ‘काही नाही’ करण्यासाठी मी किती माणसांना कामाला लावले होते, हे सांगायचे राहूनच गेले होते. आणि सांगायला बसलो असतो तर मधली सुट्टी पुरली नसती.

हकिगत अशी. माझ्या मेव्हण्याच्या लग्नाला २५ वर्षे झाली म्हणून त्याने सगळ्या गोतावळ्याला आगबोटीची सहल घडवली. आम्ही १४ माणसे होतो. त्यांत माझी पत्नी, १३ वर्षांचा मुलगा आणि सत्तरी गाठलेली आई. मुंबईहून निघायचे, लक्षद्वीपकडे जायचे आणि परत यायचे. अशा सफरीत एखादा दिवस असा येतो की त्या दिवशी बोट कोणत्याही बंदराला लागत नाही. सकाळी उठावे तो चारी बाजूंना पाणी, रात्री निजावे तोही पाणीच. बोटीवरचे लोक त्याला ‘सी डे’ म्हणतात. मला या एका दिवसाचेच आकर्षण होते. बंदर म्हटले की उतरणे आले, उतरणे म्हटले की पाहणे आले, आणि पाहणे म्हटले की हल्ली फोटो आले. बंदर नसलेल्या दिवशी मनुष्याला काही करताच येणार नाही, आणि जे करताच येत नाही ते न केल्याबद्दल कोणी जाब विचारणार नाही, असा माझा भोळा हिशेब होता.

पहाटे केबिनच्या दाराखालून एक कागद आत सरकला. त्यावर त्या दिवसाचे वेळापत्रक छापलेले होते. सकाळी योगासने, मग न्याहारी, मग पाण्यातले खेळ, दुपारी जादूचे प्रयोग, नाचाचे धडे, पाककृतींचे प्रात्यक्षिक, संध्याकाळी गाणी, रात्री नाटकगृहात कार्यक्रम, मध्यरात्रीनंतर पुन्हा गाणी. मी आयुष्यभर शाळेची वेळापत्रके करीत आलो आहे. पण मधल्या सुट्टीतसुद्धा तास घेण्याची बुद्धी मला कधी झाली नव्हती. मुलगा तो कागद घेऊन पसार झाला. मी डेकवर गेलो तेव्हा ध्यानात आले, की बोटीवरच्या बहुतेक खुर्च्यांची तोंडे समुद्राकडे नव्हतीच. ती मधल्या तलावाकडे आणि पडद्याकडे होती. समुद्र पाहायला आलेली ती हजारभर माणसे समुद्राकडे पाठ करून बसली होती. पास्काल नावाच्या सतराव्या शतकातल्या फ्रेंच विचारवंताने मनुष्याच्या या स्वभावावर फार कठोर लिहिले आहे. आपल्याला खोलीत एकटे, स्वस्थ बसवत नाही आणि तिथूनच आपल्या सगळ्या उपद्व्यापांना सुरुवात होते, असे त्याच्या म्हणण्याचे सार. तो कागद पाहून मला त्याची आठवण झाली. पण केवळ आठवण झाली म्हणून मी काही केबिनमध्ये स्वस्थ बसलो नाही. मीही न्याहारीला गेलो.

खरे सांगायचे तर समुद्र आणि विसावा ही जोडी आपल्या मराठी मनाला नवीच. बौधायन धर्मसूत्रात मनुष्याला पतित करणारी जी कृत्ये सांगितली आहेत, त्यांत समुद्रप्रवासाचे नाव सर्वांत आधी येते. (त्याच ग्रंथात अन्यत्र, उत्तरेकडचे लोक समुद्रावर जातात, अशी त्यांच्या देशाचाराची नोंदही आहे, म्हणजे निषेध करणाऱ्यालाही वस्तुस्थिती ठाऊक होती.) १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा केवढे काहूर उठले! १८८८ साली विलायतेला निघालेल्या गांधींना त्यांच्या जातीने मुंबईत सभा भरवून बहिष्कृत केले. आणि जे जातीबाहेर होण्याची भीती न बाळगता रोज समुद्रावर जात होते, त्या कोळी-खारव्यांना तर समुद्र म्हणजे शेत. शेतात कोणी हवा खायला जात नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा त्यांना जी उसंत मिळते, तीही जाळी विणण्यात आणि होड्या डागडुजी करण्यात जाते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहतात तो समुद्राने पुन्हा कामावर घ्यावे म्हणून.

आम्ही मूळचे मालवणकडचे. माझ्या आईने लहानपणी कोकणबोटीने प्रवास केलेला. भाऊच्या धक्क्यावरून सुटायचे, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी एकेक बंदरे घेत जायचे. डेकवर वळकटी पसरून जागा धरायची. शेजारी ट्रंका, करंड्या, रडणारी पोरे आणि इंजिनाच्या तेलाचा वास. अर्ध्या माणसांना बोट लागलेली. मालवणला बोट किनाऱ्यापर्यंत जाऊ शकत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि पडाव येत. आईला आठवते ते एवढेच, की पहाटेच्या अंधारात एका खलाशाने तिला उचलले आणि खाली हेलकावणाऱ्या पडावातल्या दुसऱ्या खलाशाच्या हातांत टाकले. ती तेव्हा सात वर्षांची होती. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईजवळच बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली, ही गोष्ट तिच्या जन्माआधीची. पण किनाऱ्यावरच्या घराघरांतून ती अशी सांगितली जात असे, की आईला ती स्वतः पाहिल्यासारखी वाटते. बोटीत पाय ठेवताना तिने डोळे मिटून हात जोडले ते त्यामुळे. माझा मुलगा हसला. मी त्याला दटावले खरे, पण मलाही हसू येत होते.

मौजेखातर समुद्रावर हिंडण्याची ही कल्पना निघाली तरी कुठून? हांबुर्गच्या एका मोठ्या आगबोट कंपनीचा कारभारी आल्बर्ट बालिन याच्याकडे तिचे बरेचसे श्रेय जाते. हिवाळ्यात अटलांटिक महासागर खवळलेला असे, उतारू मिळत नसत, आणि लाखो मार्क खर्चून बांधलेल्या बोटी बंदरात पडून राहत. जानेवारी १८९१ मध्ये त्याने ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट २४१ उतारू घेऊन भूमध्य समुद्रात नुसती फिरायला पाठवली. लोकांनी त्याला वेड्यात काढले म्हणतात. पण युक्ती लागू पडली. म्हणजे पाहा, माणसाला विश्रांती मिळावी म्हणून ही सहल जन्माला आलेली नाही. बोटीला विश्रांती मिळू नये म्हणून ती जन्माला आली. रिकाम्या भांडवलाची भीती ही तिची आई. तेव्हा दाराखालून वेळापत्रक आत सरकते यात आश्चर्य कसले?

आमच्या केबिनची व्यवस्था पाहणारा मुलगा गुहागर तालुक्यातला निघाला. चोविशीचा असेल. मी शिक्षक आहे असे कळल्यावर त्याने मला ‘सर’ म्हणायला सुरुवात केली. खरे म्हणजे तो सगळ्याच उतारूंना ‘सर’ म्हणत होता, पण मला म्हणताना किंचित मान लववी. आईला तो ‘आजी’ म्हणे. पहिल्याच सकाळी आईने त्याची पंचाईत केली. तो येण्यापूर्वी तिने सगळ्या चादरी घड्या घालून ठेवल्या, उशा रचल्या, कप न्हाणीघरातल्या नळाखाली विसळून पालथे घातले. तो आला आणि दारातच थबकला.

“आजी, असं नका करू. सुपरवायझरनं पाहिलं तर त्याला वाटेल, मी आलो आणि चादरी बदलल्याच नाहीत.”

“अरे, पण माझा माका येता की!”

“येतं हो. पण मग मी काय करू?”

आईला हे उत्तर पटले नाही. तिने विचारले, “जेवलंस काय रे झिला?” तो म्हणाला, सकाळची पाळी संपली की जेवीन, पुन्हा संध्याकाळी पाळी आहे, रात्री अकरापर्यंत. करार आठ महिन्यांचा. घरी म्हातारी आई आणि शिकणारी बहीण. आणि मग, बहुधा माझा पडलेला चेहरा पाहून, तो मलाच समजावू लागला, “सर, तुम्ही लोक येता म्हणून तर आमचं चालतं.”

हे वाक्य घेऊन मी डेकवर आलो. दिलासा देणारेच वाक्य होते ते. आणि तेवढ्यासाठीच मला त्याचा संशय आला. माझ्या विश्रांतीमुळे कोणाचे तरी पोट भरते, तेव्हा मी जितका अधिक आराम करीन तितका अधिक पुण्यवान ठरेन! कोकणातला खोतही थोड्याफार फरकाने असेच समजत होता. आम्ही जमीन दिली म्हणून यांची चूल पेटते, ही त्याची समजूत प्रामाणिक होती. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि खोती गेली ती पुढे १९४९ च्या कायद्याने. पण ती समजूत कायद्याने जाणारी नव्हती. अर्थात वेठ आणि नोकरी यांत फरक आहे, आणि तो लहान नाही. गुहागरच्या या मुलाने करारावर स्वतः सही केली आहे, त्याला पगार मिळतो, करार संपल्यावर तो परत न येण्याला मोकळा आहे. बोटीवर काम करणाऱ्यांसाठी २००६ साली जिनिव्हात एक आंतरराष्ट्रीय करार झाला. तो २०१३ पासून अमलात आला आणि २०१५ साली भारतानेही त्याला संमती दिली. त्यानुसार खलाशाला कोणत्याही २४ तासांत निदान १० तास आणि ७ दिवसांत निदान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. ते १० तास फार तर दोन तुकड्यांत द्यावेत आणि त्यांतला एक तुकडा निदान ६ तासांचा असावा, इतक्या बारकाईने ते लिहिले आहे. मला ही कलमे वाचताना गंमत वाटली आणि लाजही वाटली. आम्ही उतारू विश्रांती मोजत नाही, विकत घेतो; आणि तो मुलगा विश्रांती मोजून घेतो, कारण मोजली नाही तर ती मिळणार नाही.

आरिस्टॉटलने या प्रश्नाला फार पूर्वी हात घातला होता. इंग्रजी ‘स्कूल’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थ फुरसत. विचार करायला, शिकायला, नगराचा कारभार पाहायला फुरसत लागते, हे त्याला ठाऊक होते. आणि फुरसतीच्या मागे गुलाम उभा असतो हेही त्याने लपवले नाही. माग आपोआप विणू लागले, वीणा आपोआप वाजू लागली, तर धन्याला गुलामांची गरज उरणार नाही, असे तो म्हणतो. माग आता आपोआप विणतात. वीणा वाजवायला तर हल्ली बोटही हलवावे लागत नाही. तरी चादरीची घडी अजून मनुष्यच घालतो. यंत्राने ती घालता येणार नाही असे नाही. पण यंत्राने मान लववून ‘सर’ म्हटले तर त्यात काय मजा? विश्रांती विकत घेणाऱ्याला बहुधा काम झालेले पुरत नाही. आपल्यासाठी ते कोणीतरी केले, हे त्याला पाहायचे असते.

या मऊ नात्याच्या खाली काय दडलेले असते ते २०२० च्या फेब्रुवारीत जगाला दिसले. जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ ही सहलीची बोट करोनामुळे अडकवून ठेवली होती. बोटीवर ३,७११ माणसे होती. उतारूंना आपापल्या केबिनमध्ये बसून राहण्याचा हुकूम झाला. मात्र त्यांच्या दाराशी तीन वेळा ताट कोणी न्यायचे? हजारभर नोकर कामावर राहिले. ते दाटीवाटीने एकेका खोलीत राहत होते, एकत्र जेवत होते आणि दारोदार ताटे पोचवत होते. सातशेंहून अधिक माणसांना लागण झाली. बोटीवर १३८ भारतीय होते. त्यांपैकी १३२ नोकर आणि ६ उतारू. मला या शेवटच्या दोन आकड्यांपुढे काही लिहिता येत नाही.

दुपारी मी हे सगळे पत्नीला ऐकवले. ती पूर्वेकडच्या डेकवर सावलीत पुस्तक वाचत होती. लग्नानंतर तिला दिवसाउजेडी सलग ५० पाने वाचताना मी पाहिले नव्हते. आरिस्टॉटल, खोत, ७७ तास, सगळे तिने शांतपणे ऐकून घेतले आणि पानात बोट घालून विचारले, “हे तुम्हाला इथं येऊन कळलं?”

मला वाटले, तिला वाचनात अडथळा झाला. मी गप्प बसलो. तिच्या पलीकडच्या खुर्चीवर आई होती. सकाळपासून ती याच बाजूला बसली होती, कारण किनारा याच बाजूला आहे असे तिला त्या मुलाने सांगितले होते. किनारा दिसत नव्हता. पाण्यापासून २० मीटर उंचीवर उभे राहिले तरी क्षितिज जेमतेम १६ किलोमीटरांवर असते, आणि आम्ही त्याहून कितीतरी दूर होतो. मी तिला तसे सांगितलेही होते. “असू दे,” ती म्हणाली, “तिकडे असा ना तो?” आता ती झोपली होती. पदर तोंडावर ओढलेला, एक चप्पल पायात, एक खाली पडलेली. श्वासाबरोबर पदर हलत होता.

मी तिच्याकडे पाहत राहिलो. आजारपण सोडले तर आईला दिवसा झोपलेली मी कधी पाहिली नव्हती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एकदाही नाही. नळाला पहाटे पाणी येई म्हणून ती साडेचारला उठायची. सगळे निजल्यावर ताक-दुधाची व्यवस्था लावून निजायची. २४ तासांत १० तास, त्यांतला एक तुकडा ६ तासांचा! ७ दिवसांत ७७! सकाळपासून मी एका परक्या मुलाच्या श्रमांचा न्याय करीत होतो, त्यासाठी ग्रीसपर्यंत जाऊन आलो होतो; आणि जिच्या श्रमांवर माझे जेवण, माझे शिक्षण, माझे लिखाण उभे राहिले, तिला कोणत्याही जिनिव्हातले कोणतेही कलम लागू नव्हते. २०१९ साली सरकारने देशभर पाहणी करून माणसे आपला वेळ कसा घालवतात ते मोजले. त्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे काम भरले, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे ९७. हात लावणाऱ्या पुरुषांचे, हे महत्त्वाचे. चार पुरुषांतला जेमतेम एक त्या हिशेबात बसत होता. मी उरलेल्या तिघांतला.

यावर आपल्याकडे एक तयार उत्तर असते. तो मुलगा पगारासाठी करतो, आई मायेने करते. मायेचा हिशेब मांडणे हीच कृतघ्नता. हे उत्तर मी नुसते ऐकलेले नाही, लिहिलेले आहे. माझ्या दोन कादंबऱ्यांत चुलीच्या उजेडात आईचा चेहरा उजळून निघतो, आणि एका समीक्षकाने त्या पानांची मुद्दाम वाखाणणी केली होती. ती चूल कोणी पेटवली, लाकडे कोणी आणली, आणि नायक तेव्हा कुठे बसला होता, हे मला लिहिताना सुचले नाही. नायक ओसरीवर बसून आईविषयी विचार करीत होता. माया खरी असते, यात शंका नाही. पण माया आहे म्हणून थकवा येत नाही असे कोणत्या वैद्याने सांगितले आहे? उलट पगार घेणाऱ्याला पाळी संपल्यावर उठून जाता येते. मायेची पाळी संपवायची कोणी? जिची आहे ती संपवणार नाही, आणि ज्यांची सोय होते ते कशाला संपवतील!

पंढरीच्या वाटेवर पालखीचे मुक्काम असतात तसे विसावेही असतात. मुक्काम रात्रीचा; विसावा वाटेतला, घटकाभराचा. पालखी खाली टेकवायची, खांदे मोकळे करायचे आणि पुन्हा उचलायची. अंत्ययात्रेतही विसाव्याचा दगड असतो, तिथे ओझे खाली ठेवून खांदेकरी बदलतात. आपल्या भाषेत विसावा म्हणजे काम नसणे नव्हेच. ओझे काही वेळ दुसऱ्या कोणाच्या किंवा जमिनीच्या हवाली करणे, असा त्यात अर्थ आहे. आईचे ओझे घेणारा दुसरा खांदा आमच्या घरात आला तो माझ्या पत्नीचा. मी विसाव्याची जागा तेवढी बदलत राहिलो. शाळेतून घरी, घरातून आरामखुर्चीत, आणि आता समुद्रावर.

ती पावणेपाचला दचकून उठली. “अगो बाई! किती वाजले? उठवलंस नाय रे माका?” चोरी सापडल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. मी म्हणालो, “उठून करायचं काय होतं?” तिने इकडेतिकडे पाहिले. तिला काही सुचले नाही. मग तिने खाली पडलेली चप्पल पायात घातली आणि पुन्हा पूर्वेकडे पाहू लागली.

शेवटच्या दिवशी त्या मुलाला पाकीट दिले. किती घालावे यावर आमच्या १४ जणांत बराच वाद झाला. ती चर्चा इथे सांगण्यासारखी नाही. त्याने पाकीट न पाहता खिशात ठेवले आणि आईला वाकून नमस्कार केला. आईने त्या दिवशीही चादरींच्या घड्या घातल्या होत्या. तो काही बोलला नाही. तिच्यासमोरच त्याने एकेक घडी उलगडली, चादरी काढून गोळा केल्या आणि दुसऱ्या अंथरल्या. आई दारात उभी राहून त्याचे हात पाहत होती.

घरी आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी हा लेख लिहायला बसलो. आरिस्टॉटलचा मजकूर मनासारखा उतरत होता. तेवढ्यात आईने चहाचा कप टेबलावर आणून ठेवला आणि निवू नये म्हणून वर बशी झाकली. मी मान वर न करता “ठेव” म्हणालो. ती गेली. चहा निम्मा संपला तेव्हा माझ्या लक्षात आले.